खुरपीनं कापलेल्या दोन ओळी

मी खुरपी. लोखंडाला तोंड कुठून आलं, असं विचाराल, तर माझी धार म्हणजेच माझं तोंड. आजवर गवताशी बोलले, आज तुमच्याशी बोलते. गोड बोलायची सवय नाही, ते आधीच सांगून ठेवते.

जन्मानं मी मोठ्या घरची. मालट्रकच्या खालच्या स्प्रिंगच्या पाट्यात होते. संभाजीनगर ते सिल्लोड, सिल्लोड ते संभाजीनगर. कापूस वाहिला, मका वाहिला, सिमेंट वाहिलं. एका पावसाळ्यात खड्ड्यात ट्रक आदळला आणि पाटा मोडला. हर्सूलच्या पुढं रस्त्याकडेला पाल ठोकून एक लोहार बसला होता, त्यानं मला भंगारातून उचललं. तो सांडशीनं मला फिरवायचा आणि त्याची बायको घण घालायची. कडेवरचं लेकरू खाली बसवून घालायची. तापवलं त्यानं, पण घाव सगळे तिचे. म्हणून मी बाईच्याच हाताला बसते.

फुलंब्रीच्या बाजारात केसरबाईनं मला उचललं. उजेडात धरलं, अंगठ्याच्या नखावर धार लावून पाहिली आणि लोहाराला म्हणाली, "बरी हाय. पण धारेला पाणी कमी दिलंस."

"मावशी, पाणी बरोबर हाय. तुमचं तोंडच माझ्या भट्टीपेक्षा तापलेलं हाय."

केसरबाई हसली नाही. पण मला घेतलं.

ही केसरबाई कोण, ते सांगते. पन्नाशीची बाई, उंच, हाडापेराची. शाळा चौथीपर्यंत. आज्याच्या काळापासून घरात ख्रिस्ताचं नाव. घर गावाच्या खालच्या अंगाला, पत्र्याच्या चर्चला लागून. निंदणीला जाणाऱ्या नऊ बायांची टोळी तिच्या हाताखाली. रानात उतरली की प्रत्येकीला दोन-दोन ओळी वाटून द्यायची. ओळ संपेपर्यंत कुणी कंबर सरळ करायची नाही. गाणं म्हणा, शिव्या द्या, सासूचं गाऱ्हाणं सांगा, पण हात थांबता कामा नये. तिच्या मागं गवताची काडी राहत नसे. माणसांच्या बाबतीतही तिचं तसंच. कोण खरं, कोण खोटं, कोण चर्चला देवासाठी येतं आणि कोण नवी साडी दाखवायला, हे ती दारातून आत येणाऱ्याच्या चपलांवरून सांगायची. "रोप असो का माणूस, मी दोन पानांवर ओळखते," असं म्हणायची.

दहा वर्षं मी तिच्या हातात होते. मग तिच्या लेकानं शहरातून पाईपच्या मुठीची नवी खुरपी आणली. मला गोठ्याच्या भिंतीच्या भेगेत खोचलं. दोन वर्षं तिथंच. अंगावर गंज चढला, मुठीवर गांधीलमाशीनं घर केलं. वाईट वाटलं का? वाटलं. नव्या खुरपीची मूठ सैल होऊन ती दर आठवड्याला निसटायची, ते ऐकून बरंही वाटायचं. खोटं कशाला बोलू.

मग एका सकाळी सुलेखा आली.

पंचविशीची पोरगी. माहेर सोयगावकडचं. नवरा ह्याच गावचा आणि सध्या हर्सूलच्या तुरुंगात. लोकांच्या विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी चोरायचा. त्यातली एक मोटार चर्चचे पंच पुंजारामभाऊ यांची. तेव्हापासून गावात सुलेखाला तिच्या नावानं कुणी हाक मारत नव्हतं. चोराची बायको, एवढंच नाव.

ती दारात उभी राहून म्हणाली, "सलाम मावशी. टोळीत घ्याल का?"

आत कामाला निघायला जमलेल्या बायांतून मेघा ओरडली. मेघा म्हणजे टोळीतली सगळ्यात तिखट जिभेची बाई. "घ्या की! आपल्या डब्यातल्या भाकरी मोजून ठेवू फक्त."

केसरबाईनं सुलेखाला खालून वर पाहिलं. "मोटार नवऱ्यानं चोरली. तू उचलू लागली का?"

"नाय मावशी. मला ती उचललीबी नसती."

मेघाला हसू आलं, तिनं ते पदरात दाबलं. केसरबाईनं सुलेखाचे हात हातात घेऊन उलटे-सुलटे केले. घट्टे पाहिले. "कामाचे हायेत," ती म्हणाली. "पण ऐक. गव्हाचं एक रोप कापलं किंवा गवताची एक काडी सोडली, तर त्याच पावली घरी. खुरपी हाय का?"

"नाय."

केसरबाईनं मला भेगेतून ओढून काढलं, गांधीलमाशीचं घर दगडानं खरवडलं आणि मला सुलेखाच्या हातात दिलं. त्या पोरीनं तासभर बसून दगडावर मला पाजळलं. गंज उतरला. पुन्हा तोंड फुटलं मला.

आता रानाचं सांगते. चर्चचं दोन एकर रान आहे, मिशनच्या काळापासूनचं. दरवर्षी त्यात गहू पेरतात. मार्चमध्ये कापणी झाली की उपकारस्तुतीचा सण असतो. त्या गव्हाच्या पुऱ्या होतात आणि सगळं गाव पंगतीला बसतं. पेरणी पुंजारामभाऊंकडं, निंदणी केसरबाईच्या टोळीकडं. निंदणी सेवेची, बिनमजुरीची, नाताळच्या आधी.

निंदणीच्या आदल्या रविवारी नव्या पाळकसाहेबांनी दाखला सांगितला. कोवळा माणूस, शहराच्या छावणीतल्या चर्चमधून आलेला, बुटाला माती लागली की रुमालानं पुसणारा. दाखला असा : एका मालकानं चांगला गहू पेरला. वैऱ्यानं येऊन त्यात निदण पेरलं. निदण म्हणजे गव्हासारखं दिसणारं गवत. गडी म्हणाले, उपटू का? मालक म्हणाला, नको. निदण उपटताना गहूही उपटला जाईल. कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्या, मग बघू.

केसरबाई बायांच्या बाजूनं उठून उभी राहिली.

"पाळकसाहेब, हा मालक कधी रानात गेला व्हता का?"

सगळं चर्च हसलं. टोळीतल्या लक्ष्मीबाई म्हातारीला ठसका लागला.

पाळकसाहेब लाल झाले, पण दबले नाहीत. "मावशी, मी शेतात राबलेलो नाही. पण वाचलंय, की ते गवत ओंबी येईपर्यंत ओळखूच येत नाही."

"तुम्हाला येत नसंल. मला दोन पानांवर येतं. निंदल्याबिगर गहू घरात येत नाय, साहेब. लेकरं उपाशी मरतील तुमच्या दाखल्यानं."

मी तेव्हा सुलेखाच्या कमरेला होते. खरं सांगते, मला केसरबाईचंच पटलं. माझा जन्मच उपटायला झालेला. कापणीपर्यंत वाट बघायची तर मला लोहारानं घडवलं कशाला?

सोमवारी रानात उतरलो. गहू महिन्याचा झालेला, वीतभर. सुलेखाच्या वाट्याला बांधाकडच्या ओळी आल्या. पोरीचा हात चांगला. मी मातीत सरसर जात होते. घोळ निघाली, चंदनबटवा निघाला, हरळीच्या मुळ्या निघाल्या. मग ती शेवटच्या सहा ओळींशी आली आणि थांबली. एक पान बोटांत धरलं, वास घेतला. तिथली चार गवतं मी काढली, बाकी रोपं तिनं तशीच सोडली आणि उठली.

मेघानं पाहिलं. "मावशे, बघा! तुमची नवी पाव्हणी अख्खं गवत सोडून उठली."

केसरबाई आली. वाकली. एका रोपाचा बुंधा मातीशी उघडा केला. बुंध्याला लाली होती. निंदणीवाल्या बायांचा हा आज्यापणज्याचा कायदा आहे : गव्हाचा बुंधा पांढरा-हिरवा, गवताचा लाल.

"हे काय हाय?" केसरबाईनं विचारलं.

"गहू हाय, मावशी."

"लाल बुंध्याचा?"

"खपली हाय. जुना गहू. माझी आजी सोयगावला लावायची. त्याचाबी बुंधा लालच ऱ्हातो."

"चर्चच्या रानात दुकानाचं बी पेरलंय. पुंजारामभाऊंनी स्वतः उभं राहून पेरलंय. खपली कुठून टपकली, आभाळातून?" केसरबाईनं बांधावरच्या पुंजारामभाऊंना हाक मारली. "भाऊ, दुसरं काही पेरलं व्हतं का हितं?"

पुंजारामभाऊ टोपी सारखी करत म्हणाले, "मी कशाला पेरू? पोतं एकच व्हतं." मग सुलेखाकडं न बघता म्हणाले, "काम चुकवायची सोंगं हायेत. ज्या घरात फुकटचं खायची सवय..."

केसरबाईनं एक रोप उकरून मूळ चोळून पाहिलं. पेरलेला दाणा केव्हाच कुजून गेला होता, हाताला नुसती माती लागली. तिनं सुलेखाच्या हातातून मला हिसकलं आणि बसली.

कापलं मी. दोन ओळी कापल्या, बांधापासून बांधापर्यंत. केसरबाईचा हात सवयीचा, मीही ताजी पाजळलेली. रोपं माझ्या तोंडाशी आडवी होत गेली आणि मला अभिमान वाटत होता. तेवढ्यात सुलेखा तिसऱ्या ओळीवर आडवी पडली. दोन्ही हात रोपांवर पसरले. मी तिच्या करंगळीला लागले. रक्त आलं.

"मावशी, ऱ्हाऊ द्या! ओंबी येऊ द्या. गवत निघालं तर मी माझ्या पायानं गाव सोडीन. पण आता कापू नका."

पुंजारामभाऊ म्हणाले, "ठरलं तर. सणाच्या दिवशी गवत निघालं, तर ही पंगतीला बसणार नाय आन् गावातबी ऱ्हाणार नाय. सगळ्यांनी ऐकलं."

केसरबाई माझ्यावरचं रक्त बघत उभी होती. मग तिनं मला सुलेखाच्या पुढ्यात टाकलं. "चार ओळी ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "आन् ओंबी येईस्तोवर ही माझ्या टोळीत ऱ्हाईल. कुणाला पोटात दुखत असंल, तर ओवा खा."

नाताळ झाला, जानेवारी आला. सुलेखा पंधरा दिवसांनी एकदा बसनं हर्सूलला जायची, जाळीपलीकडच्या नवऱ्याशी बोलून यायची. बाकी दिवस टोळीत. जेवायला बाया गोल करून बसायच्या आणि ती जरा बाजूला. एक दिवस लक्ष्मीबाई म्हातारी आपली भाकर घेऊन उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली. "ह्या बायांच्या ठेच्यात मीठ लई असतं," एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी मेघाही सरकली. म्हणाली, तिकडं ऊन लागतंय.

जानेवारी संपता संपता सगळ्या रानाला ओंब्या आल्या. फक्त त्या चार ओळींना नाही. त्या नुसत्या हिरव्यागार, पाती हलवत उभ्या. येणारा-जाणारा बांधावर थांबून हसायचा. "चारा चांगला आलाय, म्हैस बांधा!" सुलेखा रोज जाऊन एकेक पातं चाचपून यायची. रात्रीची भाकर तिला जात नव्हती. गाव सुटलं तर जायचं कुठं? माहेरी भाऊ दारात उभं करत नव्हता.

फेब्रुवारीत आभाळ भरून आलं, चार दिवस सूर्य दिसला नाही, आणि रानावर तांबेरा पडला. गव्हाच्या पानांना हात लावला की बोटं गेरूसारखी लाल. पुंजारामभाऊ डोक्याला हात लावून बांधावर बसले.

त्याच आठवड्यात एका पहाटे सुलेखा मला कमरेला खोचून पाणी बघायला रानात गेली. बघते तर चार ओळींशी कुणीतरी उकिडवं बसलेलं. केसरबाई! हातात एक पोट फुगलेलं पातं धरून हलक्या नखानं सोलत होती. आतून चपटी, दोन बाजूंनी दाणे लागलेली, लांब कुसळांची ओंबी निघाली. गोरीपान. तांबेऱ्याचा एक ठिपका नाही.

केसरबाईला चाहूल लागली. मागं न वळता तिनं विचारलं, "खपली उशिरा येती, हे मला का सांगितलं नाय?"

"तुम्ही विचारलं नाय, मावशी."

केसरबाईनं सोललेलं पातं ओंबीवर पुन्हा अलगद झाकलं. मग म्हणाली, "दोन ओळी कापल्या गं मी."

मला वाटलं मातीत शिरावं. कापणारी ती होती, पण धार माझी होती. नऊ बायांच्या टोळीत, दहा वर्षांत, मी कधी पीक कापलं नव्हतं. पहिल्यांदा कापलं ते छाती फुगवून.

"ही गोष्ट सणापर्यंत तुझ्यामाझ्यात," केसरबाई उठत म्हणाली. "मला एक इचारायचंय. पण चारचौघांत इचारायचंय."

ओंब्या उघड्यावर आल्या, तरी लांब कुसळांमुळं गाव त्यांना गवतच समजत राहिलं. सणाचा दिवस आला. चर्चला आंब्याची पानं लावलेली, भोपळे, वांगी, मक्याची कणसं वेदीपाशी रचलेली. पहिली पेंढी पंचांनी उचलून वेदीवर ठेवायची, अशी आमच्याकडची रीत. तांबेऱ्यातून वाचलेला गहू बारीक, सुरकुतलेला. त्याची पेंढी उचलायला पुंजारामभाऊ पुढं झाले.

"थांबा भाऊ," केसरबाई म्हणाली.

ती मधल्या वाटेनं पुढं आली. हातात खपलीची पेंढी. मागं सुलेखा, कमरेला मी. लोक माना उंच करून बघायला लागले.

"ह्या त्याच चार ओळी," केसरबाई म्हणाली. "बघा, हातात घ्या, पुढं द्या. म्हैस बांधणारे कुठं गेले? त्यांनीबी बघा." तिनं एक ओंबी तळहातावर चोळली. टरफल दाण्याला घट्ट चिकटून राहिलं. "टरफलासकट पेरतात हा गहू. दुकानात मिळत नाय. मग हितं आला कुठून?"

पुढच्या बाकावरून लक्ष्मीबाई काठी टेकत उठली. "अगं बया! माझी खपली! मागल्या सणाला मी गाठोडं वाहिलं व्हतं देवाला. खिरीसाठी. मला वाटलं, खीर होऊन गेली. पंचांच्या खोलीत ठेवलं व्हतं."

खोलीची किल्ली पुंजारामभाऊंकडं. त्यांचा हात खिशाकडं गेला.

"पेरताना बी कमी पडलं," ते शेवटी म्हणाले. "म्हणून ते टाकलं. सांगायची लाज वाटली."

"पोतं शिगोशीग भरून आलं व्हतं, भाऊ. आम्हीच उतरवलं. कमी कसं पडलं?"

पुंजारामभाऊ टोपी सारखी करायला लागले. त्यांचं रान चर्चच्या रानाला लागूनच आहे, मधे एक बांध. ह्या वर्षी त्यांच्याकडंही तोच दुकानाचा गहू होता. चर्चचं बी बांध ओलांडून तिकडं गेलं होतं. सगळ्यांनी एकदम त्या दिशेला पाहिलं, भिंतीतून दिसत असल्यासारखं.

मागून एकजण ओरडला, "बांधा ह्यांचा भारा! दाखल्यात निदणाचा भारा जाळतात!"

"गप ए!" केसरबाई गरजली. "भारा बांधायचा तर माझ्यापासून सुरू कर. दोन ओळी गहू मी कापला. माझ्या हातानं. पोरगी ओरडत व्हती, तिचं बोट कापलं, तरी माझा हात थांबला नाय. का? तर मला दोन पानांवर ओळखू येतं!" तिनं श्वास घेतला. "पुंजारामभाऊंनी तोंड उघडलं असतं तर त्या ओळी वाचल्या असत्या, हे खरं. पण मी थोडी कळ काढली असती, तरीबी वाचल्या असत्या. भाऊ, पंगतीला बसा. माझ्या शेजारी बसा. माझ्या नजरेखाली. आन् पंचांच्या खोलीची किल्ली लक्ष्मीबाईकडं द्या."

पुंजारामभाऊंनी किल्ली काढून दिली. मग सुलेखासमोर आले, टोपी काढली. सुलेखा म्हणाली, "बसा काका. पुऱ्या थंड व्हतील."

केसरबाईनं खपलीची पेंढी सुलेखाच्या हातात दिली. "ठेव वेदीवर."

"मावशी, पंचांनी ठेवायची रीत हाय."

"ज्यानं वाचवलं त्यानं ठेवायचं. आजपासून ही रीत."

सुलेखानं पेंढी ठेवली. बाया उठून टाळ्या वाजवत गाणं म्हणायला लागल्या, सगळ्यात मोठ्यानं मेघा, बेसूर. चोराची बायको म्हणून ओळखली जाणारी पोरगी पंगतीत मधोमध बसली आणि तिच्या पानात पहिली पुरी पडली. पाळकसाहेब वाढत होते, बूट काढून, बाह्या सारून.

"मावशी," ते केसरबाईला म्हणाले, "तो मालक रानात गेला होता, असं दिसतं."

"व्हय," केसरबाई म्हणाली. "माझ्यापेक्षा जरा जास्त गेला असंल. पुरी घाला."

ह्याला आता दोन वर्षं झाली. चर्चच्या अर्ध्या रानात खपली असते. सुलेखाचा नवरा अजून आत आहे. येईल तेव्हा येईल, मग त्याचं बघू. केसरबाईचे गुडघे धरले, टोळी आता सुलेखा चालवते. मेघा तिला मुकादमीण म्हणून चिडवते आणि ती सांगेल त्याच ओळी धरते.

मी पाजळून पाजळून बोटभर उरले आहे. एक-दोन हंगाम निघतील, मग भंगारात जाईन. दुःख नाही. ट्रकचा पाटा होते तेव्हा ओझं वाहिलं, खुरपी झाले तेव्हा पीक राखलं. एकदा चुकले, तेही तुमच्यापासून लपवलं नाही.

आणि मी काही मवाळ झालेले नाही. हरळी दिसली की अजून माझ्या अंगात येतं. गवत असेल तर खुशाल माझ्यापुढं आणा, मुळासकट काढून देते. पण माणसं निवडायला कुणी मला हातात घेऊ नका. ते काम माझं नाही, आणि बाई-बाप्यांनो, तुमचंही नाही.